ऑपरेशन टेबलावर बाळ गार पडू नये म्हणून

मी ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. ठरावीक शनिवारी आमच्याकडे लहान मुलांचे सर्जन येतात आणि त्या दिवशीची जवळपास सगळी लिस्ट मुलांचीच असते. हर्निया, हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साठणं), खाली न उतरलेलं वृषण, हायपोस्पॅडियास (लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असणं). यातली बरीच मुलं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत सापडलेली असतात. 2013 साली पालघरमधून हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून अंगणवाडीतली पोरं वेळेत ऑपरेशनपर्यंत पोचायला लागली, हे आम्ही टेबलाजवळ उभं राहून बघितलंय.

ऑपरेशनं छान व्हायची, पण तान्ही बाळं रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर ठेवायच्या खोलीत, लवकर जागी व्हायची नाहीत. हातपाय गार, ओठ फिकट, रडणं क्षीण. भुलीचा अंमल आहे, उतरेल, असं सगळेच धरून चालायचे. मग नवीन भूलतज्ज्ञ मॅडम आल्या आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "सिस्टर, बाळाचं टेम्परेचर किती?" मॉनिटरवर टेम्परेचरच्या जागी दोन रेघा होत्या. पल्स दिसायचा, ऑक्सिजन दिसायचा, बीपी दिसायचं. टेम्परेचरचा प्रोब, म्हणजे अंगाला लावायची तापमान मोजणारी वायर, मात्र मशीनबरोबर कधी घेतलाच गेला नव्हता.

इंडेंट (मागणीपत्र) लिहिलं, कोटेशनं मागवली, खरेदी विभागाकडून फाइल परत आली: "थर्मामीटर उपलब्ध आहे." काखेत धरायचा थर्मामीटर ड्रेपखाली (ऑपरेशनच्या निर्जंतुक चादरींखाली) झाकलेल्या बाळाला दर पाच मिनिटांनी कसा लावायचा, हे मॅडमनी त्यांना समोर बसवून सांगितलं. तेव्हा कुठे प्रोब आला. बारीक, मऊ, नाकातून घशाच्या वरच्या भागापर्यंत जाणारा. छोट्या केसमध्ये तोच काखेत ठेवून हात अंगाशी मिटवतो. शरीराच्या आतलं तापमान 36 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की तो हायपोथर्मिया. नवजात बाळासाठी तर जागतिक आरोग्य संघटना 36.5 ते 37.5 हीच नॉर्मल पट्टी धरते.

प्रोब आल्यावर जे दिसलं त्यानं आमची कामाची पद्धतच बदलली. सात महिन्यांचा मुलगा, वजन पाच किलो, दोन्ही बाजूंचा हर्निया. आत आणला तेव्हा 36.7. भूल दिली, सुईसाठी शीर सापडायला वेळ लागला, मग माकडहाडाजवळ कॉडल ब्लॉक (खालचा भाग बधिर करणारं इंजेक्शन), मग साफसफाई, मग ड्रेप. सरांनी चाकू हातात घेतला तेव्हा आकडा होता 35.9. म्हणजे ऑपरेशन सुरू व्हायच्या आधीच बाळ गार पडलं होतं. ऊब गेली ती आमच्या तयारीच्या वेळात, बाळ उघडं पडलेलं असताना.

मॅडमनी कारणं समजावली. बाळाचं वजन कमी, पण त्या मानानं कातडी भरपूर. डोकं तर अंगाच्या मानानं फारच मोठं, त्यामुळे उष्णता सगळीकडून निसटते. कातडीखाली चरबी बेताची. लहान बाळ थंडीनं कुडकुडत नाही. खांद्याच्या पात्यांमध्ये आणि मूत्रपिंडांभोवती असलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब तयार करतं, आणि भुलीचा वायू नेमकं तेच थांबवतो. गारठ्यात एरवी कातडीच्या रक्तवाहिन्या आकसून ऊब आत धरून ठेवतात, तेही भुलीत ढिलं पडतं. म्हणजे बाळाकडे स्वतःला सांभाळायचं जे जे आहे ते आपण काढून घेतो. मग त्या वेळापुरती ती जबाबदारी आपलीच. गार पडलेल्या बाळात औषधांचा अंमल लांबतो, रक्त गोठायला वेळ लागतो, जखमेत पू होण्याचा धोका वाढतो, आणि अगदी लहान बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो.

खरी झुंज एसीशी झाली. आमची ओटी 20 अंशांवर चालायची, कारण गाऊन, मास्क, डोक्यावर लाइट यात सर्जनला घाम फुटतो. घाम जखमेत पडून चालत नाही, त्यांचंही खरंच होतं. मॅडम म्हणाल्या, तान्ह्या बाळाला 26 हवेत. बराच वाद झाला. मार्ग निघाला तो असा: पहाटेच एसी 26 वर करायचा, म्हणजे नुसती हवा नव्हे तर भिंती, टेबल, गादीसुद्धा कोमट होतात. नाहीतर बाळाच्या अंगची उष्णता गार भिंती ओढून घेत राहतात. ड्रेप अंथरून झाकून झालं की मग खोली पुन्हा गार करायची. झाकलेल्या आणि खालून ऊब मिळणाऱ्या बाळाला तेव्हा खोलीचा तेवढा फरक पडत नाही. सगळ्यात लहान बाळ लिस्टमध्ये पहिलं. एसीचा रिमोट आता माझ्या खिशात असतो.

बाकीचं बरंचसं हॉस्पिटलात आधीपासूनच पडून होतं. लेबर रूममधला रेडियंट वॉर्मर (बाळाला वरून ऊब देणारं मशीन) वॉर्डबॉय मामांनी ढकलत आणला, सुई आणि ब्लॉक त्याखालीच होतात. ऑर्थोवाल्यांचा प्लास्टरखाली गुंडाळायचा सॉफ्टरोल, म्हणजे मऊ कापसाची पट्टी, हातापायांना आणि डोक्याला गुंडाळतो, फक्त सलाइनची जागा उघडी ठेवून. साफसफाईला लागेल तेवढंच बीटाडिन, तेही कोमट केलेलं, आणि पाठीखाली ओघळ गेला तर चादर लगेच बदलायची. नदीवर अंघोळ करून ओल्या अंगानं वाऱ्यात उभं राहिल्यावर कसं होतं, तसंच त्या बाळाचं होतं. स्पिरिट वापरलं असेल तर ते पूर्ण सुकल्याशिवाय कॉटरी (विजेनं रक्तस्राव थांबवायचं उपकरण) नाही, ही आगीची भीती वेगळीच.

गरम हवेचं ब्लँकेट फार नंतर आलं, एका देणगीदारांकडून. मशीन कोमट हवा सोडतं, ती कागदी ब्लँकेटच्या बारीक भोकांतून बाळाभोवती पसरते. सगळ्यात जास्त गुण याचाच. पण ब्लँकेट संपलं म्हणून नुसता पाइप चादरीखाली सोडणं मी कुणालाही करू देत नाही. एकाच जागी हवा लागून भाजतं. हातमोज्यात गरम पाणी भरून बाळाशेजारी ठेवायची जुनी रीत तर आम्ही साफ बंद केली. भुलीत बाळ हात ओढून घेत नाही, रडत नाही, आणि भाजल्याचं ड्रेप काढल्यावरच कळतं. उलट बाजूही बघावी लागते: छोटं बाळ या ब्लँकेटखाली भराभर तापतं, म्हणून 37.5 दिसलं की मशीनची ऊब कमी करायची.

एक बदल मात्र आम्हाला एका आजीनं शिकवला. नातीला कुंची घालून आणलं होतं. ओटीच्या दाराशी सगळे कपडे काढून हिरव्या चादरीत घ्यायची आमची पद्धत. आजी म्हणाली, "बाई, कुंची राहू द्या की, ती झोपल्यावर काढा. आत्ताच उघडी केली तर गारठंल." मॅडमनी ऐकलं आणि मान डोलावली. तेव्हापासून धुतलेलं टोपडं, कुंची, पायमोजे तसेच राहतात आणि भूल चढल्यावर लागेल तेवढंच काढतो. बाळ आधीपासून उबदार असलं की भुलीनंतर टेम्परेचर कमी उतरतं, हे आम्हाला आकड्यातही दिसलं.

आता चार्टवर टेम्परेचरचा रकाना आहे: आत येताना, चाकू लागायच्या आधी, मग दर पंधरा मिनिटांनी, बाहेर जाताना. बहुतेक बाळं 36.5 च्या आसपास बाहेर पडतात आणि रिकव्हरीतच आईच्या अंगावर प्यायला लागतात.

अडचण उरलीय ती व्हरांड्याची. ओटी ते वॉर्ड हा रस्ता उघडा आहे आणि डिसेंबरात तिथून बोचरं वारं येतं. 36 च्या खाली असलेलं बाळ मी सोडत नाही, यावरून वॉर्डच्या सिस्टरांशी अजून खटके उडतात, कारण त्यांना पुढची केस पाठवायची असते. व्हरांड्याला काचा बसवायचा अर्ज विश्वस्तांकडे गेलाय. तोवर आईबापांना आदल्या दिवशीच सांगतो: दोन सुकी दुपटी, टोपडं आणि पायमोजे पिशवीत वेगळे ठेवा, ते परत नेताना लागतात. गरम पाण्याची पिशवी आणू नका. उपाशी ठेवायची वेळ आम्ही सांगू तेवढीच पाळा, दूध चार तास आधी थांबवा म्हटलं तर रात्रभर उपाशी ठेवू नका. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना बिनधास्त विचारा, बाळाचं टेम्परेचर कशानं मोजणार आहात.