लक्ष्मीपूजन आणि तिसरा डाउन

रविवार, 12 नोव्हेंबर 2023
स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया

माइक यर्सिचला काढलं. काल पेन स्टेट, म्हणजे आमच्या विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची टीम, घरच्या मैदानावर मिशिगनकडून 24-15 हरली आणि आज आमच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची, म्हणजे चढाई आखणाऱ्या प्रशिक्षकाची, उचलबांगडी. दहापैकी आठ सामने जिंकलेल्या संघात, हंगाम चालू असताना! गावात दुसरा विषय नाही. आमच्याकडे संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला मंडळी जमली, तिथेही तेच. आरती होईपर्यंत सगळ्यांनी कसाबसा धीर धरला. लाह्या-बत्तासे हातावर पडले मात्र, काकांनी तोंड उघडलं.

"अरे, मी पॅटर्नो प्रशिक्षक होते तेव्हापासून बघतोय. या पोराला घाई करून उतरवलाय."

पोरगा म्हणजे ड्रू ॲलर, आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा. वय 19, उंची साडेसहा फुटांच्या जवळपास, ओहायोतल्या मेडिनाचा. शाळेत असतानाच पंचतारांकित म्हणून गाजलेला. गेल्या वर्षी आधीचा क्वार्टरबॅक शॉन क्लिफर्डच्या हाताखाली शिकला आणि या हंगामात संघ त्याच्या हाती आला. पहिल्याच सामन्यात वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध 325 यार्डांचे पास आणि तीन टचडाउन (चेंडू प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं). आयोवाला 31-0 धुतलं त्या रात्री चार टचडाउन. तेव्हा हेच काका त्याला डोक्यावर घेऊन नाचत होते, पण सणासुदीला कशाला आठवण करून द्यायची.

काकांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. ऑक्टोबरात ओहायो स्टेटकडून 20-12 हरलो, त्या दिवशी ॲलरने 42 पास टाकले आणि 18 पोचले. तिसऱ्या डाउनला सोळा संधी, त्यातली एक साधली. फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगते: चार प्रयत्नांत (त्यांनाच डाउन म्हणतात) दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि तिसऱ्या प्रयत्नात सरकला नाहीत तर बहुतेक वेळा चेंडू लाथेने प्रतिपक्षाकडे पाठवून द्यावा लागतो. सोळात एक म्हणजे दिवसभर नुसतं देणंच. काल तर 22 पैकी 10 पास, 70 यार्ड.

इथे पीएचडी करणारा सांगलीचा एक मुलगा येतो आमच्याकडे, मला ताई म्हणतो. तो उसळलाच. "काका, पोरगा टाकणार काय? यर्सिच सांगेल ते! आडवे पास, नाहीतर मधून धाव. समोरच्यांना आपल्याआधी कळतं काय येणार ते." मग ताटलीत शंकरपाळे मांडून त्याने तिसऱ्या क्वार्टरमधला एक प्ले, म्हणजे एक चाल, दाखवला. तिघे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, एका बाजूला, ॲलर मागे सरतो, डावीकडे बघतो, थांबतो, उजवीकडे बघतो, तोवर बचाववाले अंगावर आलेले. शेवटी बाजूला उभ्या असलेल्याला जेमतेम दोन यार्डांचा पास. चकलीच्या तुकड्याने ते शंकरपाळं आडवं पडलं. आमचे हे म्हणाले, "पण डावीकडे कोणी मोकळं होतं कुठे?" तेही खरं. ओहायो स्टेटचा काइल मॅकॉर्डही यंदाच कायमचा क्वार्टरबॅक झाला, पण त्याच्याकडे मार्विन हॅरिसन ज्युनियरसारखा रिसीव्हर आहे. त्या सामन्यात एकट्या हॅरिसनने 162 यार्ड काढले. आमच्याकडे भरवशाचा म्हणावा असा कीअँड्रे लॅम्बर्ट-स्मिथ, आणि समोरच्यांना हे ठाऊक असल्यामुळे त्याच्याभोवती कायम गराडा.

मला मात्र यातलं कुठलंच कारण पुरेसं वाटत नाही. ॲलरने कॉलेजातल्या पहिल्या पासपासून तीनशेच्या वर पास टाकले आणि एकही प्रतिपक्षाच्या हाती लागू दिला नाही. सगळ्यांनी त्याचं केवढं कौतुक केलं! मला तेव्हाच ते फार बरं लक्षण वाटत नव्हतं. चेंडू जपा, चेंडू जपा, हा आमचा मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिनचा जप. 19 वर्षांच्या मुलाला उठता-बसता तेच ऐकवलं तर तो दोन माणसांच्या मधल्या फटीतून चेंडू टाकेल कशाला? तो बघतो, थांबतो आणि सुरक्षित माणूस शोधतो. दुबळ्या संघांपुढे यात काही बिघडत नाही. मिशिगनपुढे हेच अंगाशी येतं.

याला माझ्याकडे एक पुरावा आहे आणि तो मी आज सगळ्यांना ऐकवला. गेल्या महिन्यात, 28 तारखेला, इंडियानाविरुद्ध ॲलरचं कॉलेजातलं पहिलं इंटरसेप्शन झालं, म्हणजे पास प्रतिपक्षाने झेलला. तेही अगदी शेवटी, बरोबरीत असताना. स्टेडियम हबकलं. पुन्हा चेंडू हातात आला तेव्हा दोन मिनिटंसुद्धा उरली नव्हती, आणि त्याच पोराने लॅम्बर्ट-स्मिथला 57 यार्डांचा टचडाउन पास दिला. जपायचं होतं ते एकदाचं फुटून गेलं होतं, हात मोकळा झाला. पुढे 33-24 जिंकलो.

"योगायोग," काका म्हणाले. असेल. पण मग काल परत तोच आखडलेला हात कसा?

कालचा सामना बघताना मिशिगनचं एक कमाल वाटलं. त्यांचा मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ निलंबित, जबाबदारी शेरोन मूरवर. त्यांनी सलग 32 प्ले चेंडू घेऊन नुसते धावत काढले. त्यांचा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थीने अख्ख्या सामन्यात आठ पास टाकले आणि 60 यार्ड मिळवले. म्हणजे ॲलरपेक्षाही कमी! तरी त्याला कोणी बोल लावणार नाही. जिंकलेल्याचं सावध खेळणं म्हणजे शहाणपण, आमचं म्हणजे भित्रेपणा. अर्थात त्यांना धावून हवे तेवढे यार्ड मिळत होते, आम्हाला नव्हते, हा फरक आहेच.

आणि फ्रँकलिन? यर्सिच हा त्याचा पाचवा कोऑर्डिनेटर. दोघे मुख्य प्रशिक्षक व्हायला दुसरीकडे गेले, तिघांना नारळ. ओहायो स्टेटविरुद्ध दहा लढतींत एक विजय, मिशिगनविरुद्ध दहात तीन. कोऑर्डिनेटर बदलले, क्वार्टरबॅक बदलले, मोठ्या सामन्यातला आखडूपणा तसाच राहिला. 2021 मध्ये विद्यापीठाने दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा करार करून ठेवलाय, त्यामुळे त्याला हात लावणं सोपं नाही. यर्सिचला लावता येतो. काल शेवटी शेवटी आमच्या आसपासच्या बाकांवरून फ्रँकलिनच्या नावाने जो ओरडा चालला होता, तो यर्सिचच्या डोक्यावर ओतून मोकळे झाले. यर्सिच फार चांगला होता असं नाही. माझ्या मते तो जायलाच हवा होता, पण हंगाम संपल्यावर, आणि एकटा नव्हे.

सांगलीकर यावर खूश, काका नाराज. "तुम्हा लोकांना आठ विजय पचत नाहीत," म्हणून त्यांनी दुसरा लाडू घेतला.

आता पुढच्या शनिवारी रटगर्सशी सामना. जाजुआन सायडर आणि टाय हाउल दोघे मिळून प्ले ठरवणार म्हणे. एक धावणाऱ्यांचा प्रशिक्षक, दुसरा टाइट एंडचा, म्हणजे अडवणं आणि झेलणं दोन्ही करणाऱ्यांचा, तेव्हा धावाधाव वाढणार हे उघड आहे. माझं मागणं फार मोठं नाही: पहिल्या क्वार्टरमध्ये ॲलरला दोन तरी लांब पास टाकायला लावा. एखादा रटगर्सच्या हातात गेला तरी चालेल.