तुम्ही विचारलंत म्हणून: करवंट्या लावून कुठे निघालीस?

"हे घरात बसून ऐकायचे हेडफोन आहेत ना? मग बसमध्ये कशाला?" ऑफिसात हे विचारून झालंय, शेजारच्या सीटवरून विचारून झालंय. माझा भाऊ एवढं सभ्यपणे विचारत नाही. तो म्हणतो, "करवंट्या लावून कुठे निघालीस?" ज्यांना हेडफोनमधलं काही कळत नाही ते आकार बघून हसतात. ज्यांना कळतं ते मात्र दुखावल्यासारखे बघतात, जणू मी कुणाची तरी सतार घेऊन पावसात उभी आहे. इतकी वर्षं मी "आवडतं म्हणून" एवढ्यावर भागवलं. आता एकदाच सविस्तर सांगते, पुन्हा विचारू नका.

घरात ऐकायचे म्हणजे कोणाच्या घरात? माझ्या घरात वीस मिनिटं मला कुणी हाक मारली नाही, तर काय बिनसलं म्हणून मीच बघायला उठते. रात्री सगळे झोपल्यावर ऐकायला बसले तर दुसऱ्या गाण्याला माझीच मान पडते. दिवसात मी एकटी असते ती जाताना तासभर आणि येताना तासभर. आधी बस, मग ट्रेन. चांगली वस्तू शांत जागेसाठी राखून ठेवायची हे मान्य, पण ती जागा माझ्याकडे नाही आणि पुढच्या दहा वर्षांत येईल असं दिसत नाही.

वजनाचं म्हणाल तर हो, आहे. या दर्जाचे क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपांचे हेडफोन, हलके नसतातच. सोनीचा झेड१आर ३८५ ग्रॅमचा, फोकलचा स्टेलिया ४३५ ग्रॅमचा, आणि ऑडीझीचा एलसीडी-एक्ससी तर अर्ध्या किलोच्याही बराच वर. माझे यांपैकी कुठले, की चौथेच, ते सांगत नाही. नाव घेतलं की गप्पा तिकडेच जातात. "मोठ्या ॲम्पशिवाय, म्हणजे आवाजाला जोर देणाऱ्या डब्याशिवाय, ते वाजणारच नाहीत" हे मात्र ऐकून ऐकून कान किटले आहेत. ३०० ओहमचा, म्हणजे वाजवायला जास्त जोर मागणारा, सेनहायझर एचडी ८२० असेल तर बोला. माझे ३५ ओहमच्या आसपासचे आहेत, बोटभर डोंगलवर मजेत वाजतात. डोंगल लागतो, कारण २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं आणि मग एकेक करून बाकीच्यांनीही ते बुजवलं. वायर बॅगेच्या चेनमध्ये अडकते, कपड्याला घासली की खरखर थेट कानात येते. सगळं खरं. पुढे.

नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज उलट्या आवाजाने मारणारे हेडफोन, का नाही? या प्रश्नावर मी सर्वात जास्त भांडले आहे, आणि सर्वात जास्त चुकलेही आहे. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात हेडफोन लावूनही इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू येईना, आणि तिथेच त्यांनी या कल्पनेची आकडेमोड सुरू केली. म्हणजे ही गोष्ट जन्मालाच प्रवासातल्या घरघरीसाठी आली. मी मात्र म्हणायचे, "मला संगीत ऐकायचंय, बॅटरी नाही." म्हणायचे की ब्लूटूथवर गाणं पाठवायची एलडॅक ही पद्धत सेकंदाला फार तर ९९० किलोबिटपर्यंत जाते, सीडीचा आकडा १४११ आहे, मग उरलेलं कुठे गेलं? अशी वाक्यं मी उभ्याने, एका हाताने दांडा धरून, पुलावरून धडधडत जाणाऱ्या ट्रेनमध्ये ऐकवली आहेत. त्या धडधडीत मला स्वतःला तरी तो फरक कळत होता का? नव्हता. पण तो आहे हे माहीत असण्याचंही एक सुख असतं, आणि ते सुख मी खरं धरून चालले होते.

आता ज्या कारणासाठी हे लिहायला बसले ते.

गेल्या वर्षी रात्री आडवी झाले की डाव्या कानात बारीक कुईं सुरू व्हायची. मोबाइलचा चार्जर असेल म्हणून मी तो काढला. मग पंखा बंद केला. मग खोली बदलली. कुईं माझ्याबरोबर आली. दोन महिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितल्यावर लोक काय म्हणणार हे मला पाठ होतं. शेवटी कान तपासायला गेले.

जाड दाराची, कपाटाएवढी खोली. आत एक स्टूल, हातात दाबायला एक बटण, आणि भिंतीच्या खुंटीवर जुनाट, तेलकट दिसणारे हेडफोन, उजवीकडे लाल, डावीकडे निळा. मनात आलं, हे? यावर माझे कान ठरणार? ऑडिओलॉजिस्ट वयाने माझ्याहून बरीच लहान होती. हेडफोन हातात घेऊन ती म्हणाली, "कानातलं काढा. चष्मापण काढा."

"चष्मा कशाला?"

"काडी मध्ये आली की पॅड नीट टेकत नाही ना. फट राहते."

मी चष्मा काढून मांडीवर ठेवला. हे सांगायला आजही लाज वाटते. पॅडचा सील, फटीतून बेस गळणं, एक काडी आड आली तर खालचे स्वर कसे पातळ होतात, हे सगळं मी स्वतः दहा जणांना समजावलं होतं. आणि चार वर्षं रोज चष्म्यावरून हेडफोन चढवून बाहेर पडत होते. बेस पातळ झाला की व्हॉल्यूम वाढवत होते. ट्रेनने वेग घेतला की आणखी दोन घरं. क्लोज्ड-बॅक म्हणजे बाहेरचं आत येत नाही, अशी माझी श्रद्धा होती. पॅड पक्का बसला तरी नुसत्या कपाने अडतात ते वरचे आवाज: बडबड, शिट्या, किणकिण. इंजिनाची खालची घुमघुम बरीचशी आत येतेच, आणि फट असली तर विचारायलाच नको. मी त्या घुमघुमीच्या डोक्यावर चढून गाणं ऐकत होते.

दार बंद झालं. चष्मा नाही, त्यामुळे काचेपलीकडची ती नुसता पांढरा ठिपका. कानांवर जुनाट हेडफोन, आणि अशी शांतता की मला माझं गिळणं ऐकू आलं. मग टुं टुं सुरू झालं. ऐकू आलं की बटण दाबायचं. आवाज पायरीपायरीने उतरतो, हरवतो, पुन्हा थोडा वर येतो. खालचे स्वर मजेत गेले, मी मनातल्या मनात शाबासकीसुद्धा घेतली. मग स्वर चढत गेले आणि एका जागी काहीच येईना. तिथे मी जे केलं ते कुणालाच सांगितलेलं नाही. इतका वेळ साधारण किती अंतराने टुं येतंय याचा अंदाज आला होता, म्हणून त्या तालावर मी न ऐकताच बटण दाबलं. दोनदा. तिसऱ्यांदा तिने मुद्दाम जास्त वेळ थांबून बघितलं असावं, कारण मी दाबलं आणि हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, "मॅडम, ऐकू आलं तरच दाबा."

ऑडिओग्रामवर, म्हणजे या तपासणीच्या आलेखावर, रेघ खाली जाते तितकं ऐकणं कमी. माझी रेघ वीस डेसिबेलच्या खुणेच्या वरच्या, म्हणजे चांगल्या बाजूला नीट चालली होती आणि ४००० हर्ट्झला दोन्ही कानांत खड्डा. डाव्यात ३५ डेसिबेल, उजव्यात २५. ८००० ला पुन्हा वर. मोठ्या आवाजाने झालेल्या नुकसानीची ठेवणच अशी, हे मला वाचून माहीत होतं. हेडफोनमुळेच झालं असं ती म्हणाली नाही, ट्रेनचा स्वतःचाही आवाज असतोच. तिने फक्त विचारलं, "तुमचे हेडफोन बाहेरचा आवाज अडवतात म्हणता, मग एवढा मोठा का लावता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

घरी आल्यावर पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात आवाज मोजायचं साधं यंत्र बसवलं आणि कप त्यावर दाबून धरला. पुठ्ठा म्हणजे कान नव्हे, आकडा थोडा इकडेतिकडे होणारच. ट्रेनमधल्या माझ्या नेहमीच्या व्हॉल्यूमला काटा ९१ च्या आसपास डोलत होता. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी एक प्रचलित हिशेब आहे: ८५ डेसिबेलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबेलला वेळ निम्मी. ८८ ला चार, ९१ ला दोन. जाताना एक, येताना एक. माझा दिवसाचा कोटा मी रोज काठोकाठ भरत होते, वर ऑफिसातले कॉल वेगळे. घरात तेच गाणं मी व्हॉल्यूमची बारा घरं खाली ऐकते. तिथे ते मला मोठं वाटतं.

तर मग नॉइज कॅन्सलिंग घेतले का? घेतले. वापरलेही, तीन आठवडे. घुमघुम खरंच गेली, व्हॉल्यूम आपोआप खाली आला, बोस यांना मनातल्या मनात हात जोडले. आणि तानपुरा लागला की तो सपाट वाटायचा, चार तारांचा एकच दोरखंड वळल्यासारखा. हे खरं की माझा हट्ट, ते ओळखायला आता माझ्याकडे पूर्वीचे कानही नाहीत. वरचे सूक्ष्म स्वर ऐकू यावेत म्हणून जे घेतले, त्यांच्या पायीच बहुधा वरचे स्वर गेले, आणि तरी मी त्या स्वरांच्या नावाने वाद घालते, हे मला दिसतंय. जुन्या मला मी विचारते, तुला नक्की काय ऐकायचं होतं? ती म्हणते, "तुला तरी कुठे सोडवतंय?"

सध्या नवे हेडफोन मुलगी वापरते. मी जुनेच वापरते. फोनमध्ये आवाजाची मर्यादा लावली आहे. बेस कमी पडला की पडू देते, निदान प्रयत्न करते. पुढची तपासणी दोन महिन्यांनी. आणि हेडफोन चढवायच्या आधी चष्मा काढून त्यांच्या डब्यात ठेवते. सील छान बसतो. ट्रेनच्या दारावरची पाटी मात्र वाचता येत नाही आणि घोषणा ऐकू येत नाही, त्यामुळे स्टेशनं गाण्यांवरून मोजते. मागच्या मंगळवारी दोन स्टेशनं पुढे गेले. चुकून गेले, असं घरी सांगितलं आहे.