याचे किती येतीन?

"मॅडम, याचे किती येतीन जी?"

नागपूर-वर्ध्याकडच्या गावांत पुरातत्त्वाच्या सर्वेक्षणाला गेले की हा प्रश्न हमखास येतो. समोरच्या तळहातावर बहुतेक वेळा लाल मणी असतो, कधी नाणं. पहिल्या पावसानंतर वखरलेल्या वावरात हे वर येतं. मी वस्तू ओळखते, कशाची आहे तेही सांगते, पण भाव सांगत नाही. "ओळखता येते तं भाव काऊन सांगत नाही?" असं मग कुणीतरी विचारतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मणी उजेडाकडे धरून पाहा. छिद्र दोन्ही टोकांकडून पाडलेलं असतं आणि मधोमध, जिथे दोन छिद्रं भेटतात, तिथे सांधा किंचित चुकलेला दिसतो. नागपूरजवळच्या माहुरझरीत असे पूर्ण मणी तर मिळतातच, शिवाय अर्धवट घडवलेले, घासलेले पण छिद्र न पाडलेले, छिद्र पाडताना फुटलेलेही मिळतात. फुटक्या मण्याला बाजारात कोण विचारणार? पण मणी बाहेरून आले नाहीत, इथल्याच कारागिरांनी घडवले, हे त्या फुटक्यांमुळेच कळतं. तेही कुठल्या वावरात, कशाच्या सोबत सापडले हे माहीत असेल तर. व्यापाऱ्याच्या डबीत गेल्यावर तो नुसता लाल दगड राहतो.

नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला तर मोलाचं असं काहीच नव्हतं. भाजलेल्या मातीच्या विटा, भात्याच्या नळ्या, लोखंडाची मळी. हे सगळं जागच्या जागी सापडलं म्हणून अडीच हजार वर्षांहून आधी इथे लोखंड गाळलं जात होतं, हे सांगता आलं. गुप्तधनाच्या नादाने कुणी आधीच तिथे पहार घातली असती, तर मळी फेकून दिली असती आणि विदर्भाच्या इतिहासातलं एक पान कायमचं गेलं असतं.

मी एक आकडा उच्चारला की तो संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर पोहोचतो. मग रात्री शिलावर्तुळांत खड्डे पडतात. जुनापाणी, टाकळघाट-खापा, माहुरझरी इथली ही गोट्यांची वर्तुळं म्हणजे लोहयुगातली दफनं. माणसांची. माहुरझरीत माणसांसोबत घोडाही पुरलेला मिळाला, डोक्यावर तांब्याच्या पत्र्याच्या दागिन्यासह. दागिना घोड्याच्या कवटीवरच होता, म्हणून तो घोड्याचा हे कळलं. जुनापाणीला 1867 सालीच रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने उत्खनन केलं होतं, इतकी ही जागा जुन्या नोंदीतली. तरी काही वर्तुळांचे गोटे धुऱ्यावर आणि रस्त्याच्या खडीत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

कायद्याचंही सांगते. 1972 च्या पुरावस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा परवान्याशिवाय व्यापार करता येत नाही. 1878 च्या निखात निधी, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाच्या, कायद्यात दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. लोक कळवत नाहीत, कारण वावर जाईल ही भीती. मणी सापडला म्हणून कुणाचा सातबारा बदलत नाही. एखादी जागा केंद्राचं संरक्षित स्मारक करायची असेल तर आधी अधिसूचना निघते आणि दोन महिन्यांत हरकत घेता येते. स्मारक झाल्यावर मात्र आसपास बांधकामाला बंधनं येतात, हेही लपवणार नाही.

एका आजीचा सवाल याहून अवघड होता: "तुमीबी तं नेताच ना?" हो, नेतो. वस्तूवर क्रमांक टाकतो, खोली मोजतो, नकाशावर जागा लावतो. पण नेल्यावर अहवाल वर्षानुवर्षं निघाला नाही, तर आम्ही आणि रात्री पहार घेऊन आलेले यांच्यात फारसा फरक उरत नाही, कारण खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही. आमच्या क्षेत्रात असे पडून राहिलेले अहवाल कमी नाहीत. आणि जे निघतात ते इंग्रजीत, ज्याच्या वावरातून वस्तू निघाली त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

म्हणून तुमच्या गावात कुणी खोदायला आलं तर परवाना दाखवायला सांगा. वस्तूंची यादी मागा, त्या कुठे ठेवणार ते विचारा, आणि काम संपल्यावर ग्रामसभेत येऊन मराठीत सगळं सांगायचं कबूल करून घ्या. माझ्याकडूनही.