पणजोबांच्या मेडलवरून त्यांची पलटण शोधली: क्यू आर्काइव्हजची ट्रिप

लंडनला ऑफिसच्या कामासाठी जाणं झालं तेव्हा तिथल्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजला, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहाला, जायचंच असं आधीपासून ठरवलेलं. घरी पणजोबांची पहिल्या महायुद्धातली दोन मेडल्स आहेत, चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल, बाकी एक कागद नाही. ज्यांच्या घरात असंच काही पडून आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

निघायच्या आधी घरीच मेडलची कड नीट वाचा. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते, टॉर्च तिरका धरून फोटो काढला की झिजलेली अक्षरंपण बऱ्यापैकी कळतात. पॉलिश प्लीज करू नका, पुढचा सगळा शोध त्या अक्षरांवर चालतो. आमच्या मेडलवर ११४ मराठाज ही पलटण निघाली. १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले म्हणून ही नावं आजच्या यादीत सापडत नाहीत, घाबरू नका. आणि १९१५ संपायच्या आत रणांगणावर पोचलेल्यांना ब्राँझचा स्टारही मिळायचा, आमच्याकडे तो नाही, म्हणजे एकतर हरवला किंवा पणजोबा १९१६ मध्ये किंवा त्यानंतर लढाईवर गेले.

क्यू गार्डन्स स्टेशनवरून चालत जाता येतं. रविवार-सोमवार वाचनकक्ष बंद असतो. रीडर्स तिकीट फुकट आहे, ऑनलाइन नोंदणी करून जा, सोबत ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन वेगळे पुरावे लागतात. बॅग लॉकरमध्ये, आत पारदर्शक पिशवी, पेन चालत नाही फक्त पेन्सिल, फोनने फोटो काढू देतात.

मेडल कार्ड्स, म्हणजे कोणाला कोणतं मेडल मिळालं त्याच्या नोंदी, डब्ल्यूओ ३७२ या संग्रहात आहेत (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, ब्रिटिश युद्धखातं) आणि ऑनलाइन शोधता येतात. पण फार आशा ठेवू नका, शिपायाच्या कार्डावर जेमतेम नाव, नंबर, पलटण एवढंच असतं. नावाचं स्पेलिंग कारकुनाला जसं ऐकू आलं तसं, आणि एका नावाची माणसं ढीगभर, म्हणून नंबर जुळला तरच आपला माणूस समजा. साध्या शिपायाचं सर्व्हिस रेकॉर्ड लंडनमध्ये मिळेल हे तर डोक्यातून काढूनच टाका.

खरा खजिना म्हणजे डब्ल्यूओ ९५, वॉर डायऱ्या. प्रत्येक पलटणीचा अधिकारी रोज काय घडलं ते लिहायचा. मेसोपोटेमियाच्या (आजचा इराक) डायऱ्या स्कॅन झाल्यात, तिथल्या कॉम्प्युटरवर फुकट वाचता येतात. पणजोबांचं नाव त्यात कुठेच नाही, गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं येतात आणि शिपाई आकड्यात येतात, ते वाचताना फार लागलं मनाला. पण पलटण कुठे होती ते कळतं ना! ११४ मराठाज ३४ व्या ब्रिगेडमध्ये (ब्रिगेड म्हणजे काही पलटणींचा गट) होती आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये टायग्रिसकाठी शरकतच्या लढाईत लढली. ३० ऑक्टोबरला तुर्की सेनापती इस्माईल हक्कींनी शरणागती पत्करली आणि त्याच दिवशी तिकडे ग्रीसच्या लेम्नोस बेटावर मुद्रोसला तुर्कस्तानसोबतच्या युद्धविरामावर सह्या झाल्या. आजी सांगायची की ते "बगदादकडे" होते, बस, घरात इतकंच ठाऊक होतं. पलटणीच्या डायरीत काही सापडलं नाही तर ब्रिगेडची डायरीही उघडा, नकाशे बऱ्याचदा तिथे जोडलेले असतात.

पूर्वज सुभेदार किंवा जमादार असतील तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडियन आर्मी लिस्ट बघा, त्यात देशी अधिकाऱ्यांची नावं आहेत.

जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट. इराकमधल्या बसरा मेमोरियल या स्मारकाच्या दगडावर आपले अधिकारी नावानिशी आहेत पण शिपायांचा नुसता आकडा कोरलाय, त्यामुळे दगडाचा फोटो बघून नाव नाही असं ठरवू नका, वेबसाइटवर सर्व्हिस नंबर टाकून शोधा. नंबरने नाही निघालं तर पलटणीचं नाव टाकून पूर्ण यादी काढा आणि सावकाश वाचत बसा, स्पेलिंगच्या घोळात आपला माणूस तिथेच दडलेला असू शकतो.