तुम्ही विचारलंत म्हणून: टॅक्स भरतो, त्याचं पुढे काय होतं?

गेली अकरा वर्षं मी मुंबईत मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. हे पद कुणी मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. लिफ्टवाला, ऑडिट, टाकीची सफाई हे सगळं निभावतं. पण मालमत्ता कराचं सहामाही बिल आलं आणि त्याची वाटणी मेंटेनन्समध्ये लागली, की जिन्यात, गच्चीवर, भाजीवाल्यापाशी एकच प्रश्न: "काका, एवढा टॅक्स भरतो आपण, पालिका त्याचं करते काय हो?" हल्ली त्याला शेपूट फुटलंय: "आणि आता झोपडपट्टीतल्या गाळ्यांनाही लावणार म्हणे. ते नवे पैसे तरी आपल्या रस्त्याला येतील का?"

उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर नाही हे. म्हणून एकदा बसून लिहितो.

आधी बिल बघा. आपण "टॅक्स" म्हणतो ते एक नाव, आत मोठं बिऱ्हाड आहे. सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर. दुकान किंवा ऑफिस असेल तर रोजगार हमी उपकरही. यातला राज्य शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर पालिकेचे नाहीतच. ती ते राज्य सरकारसाठी गोळा करते. म्हणजे तुम्ही पालिकेला ज्या पैशांचा हिशेब विचारताय, त्यातला काही भाग तिच्याकडे मुक्कामालाही थांबत नाही. पाण्याची गंमत निराळी. आपल्याला मीटर आहे, म्हणून पाण्याचं बिल वेगळं येतं, पण जललाभ कर तरीही द्यावा लागतो. तो प्यायलेल्या पाण्याचा नसून भातसा, तानसा, वैतरणेपासून दारापर्यंत नळ आणून ठेवल्याचा आहे. मला विचाराल तर बिलातली सगळ्यात प्रामाणिक ओळ हीच. ती कशासाठी घेतात ते तिच्या नावातच आहे.

घोळ आहे तो सर्वसाधारण करात. नावाप्रमाणेच तो सर्वसाधारण. एकदा भरला की पालिकेच्या मोठ्या हंड्यात पडला. त्यावर तुमचं, माझं, मुलुंडचं, कशाचंच नाव उरत नाही.

आणि हंडा केवढा? मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. त्यात मालमत्ता कराची अपेक्षा ५,२०० कोटी. म्हणजे शंभरातले सात रुपये. हा आकडा सांगितला की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. आपण म्हणजे शहराचे पोशिंदे, अशी प्रत्येकाची समजूत असते ना! त्याच वर्षी नुसत्या रस्त्यांसाठी ५,१०० कोटी ठेवले होते. सगळ्या मुंबईचा मालमत्ता कर एका बाजूला आणि रस्ते दुसऱ्या बाजूला घातले, तर तराजू जवळपास सरळ उभा राहील. मग केईएम, सायन, नायर, कूपर ही रुग्णालयं, शाळा, कचरा, पंप, पगार कुठून?

इथे मला मुलुंडचा जकात नाका आठवतो, शहरात येणाऱ्या मालावर पालिका कर घ्यायची तो. तुमच्यातल्या जुन्यांनाही आठवत असेल. ट्रकांची ती रांग, डिझेलचा वास, नाक्याभोवतीच्या चहाच्या टपऱ्या. ती रांग म्हणजेच पालिकेची सगळ्यात मोठी कमाई होती. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, आणि तिच्याऐवजी राज्य सरकार पालिकेला भरपाई देऊ लागलं. २०२५-२६ला ती धरली होती १४ हजार कोटींहून जास्त, मालमत्ता कराच्या जवळजवळ तिप्पट. ही भरपाई येते कुठून? तुम्ही-आम्ही साबण, चप्पल, पंखा घेतो त्यातून. म्हणजे ज्याच्या नावावर एक खोलीही नाही असा भाडेकरूही महापालिका चालवतोच. "आम्ही टॅक्स भरणारे" असं म्हणताना आवाज जरा खाली ठेवावा, तो यासाठी.

आता नवे पैसे. त्याच अर्थसंकल्पात होतं की झोपडपट्ट्यांत दुकानं, कारखाने, हॉटेलं म्हणून वापरात असलेल्या सुमारे ५० हजार गाळ्यांवर कर बसवायचा, त्यातून ३५० कोटी येतील. बातमी वाचून आमच्या व्हॉट्सॲपवर आनंदीआनंद झाला. मी नुसता भागाकार केला. ३५० कोटी म्हणजे त्या हंड्यातल्या शंभरातला अर्धा रुपयासुद्धा नाही. त्यातून मुलुंडचा फुटपाथ होईल असं ज्याला वाटतं, त्याने पुन्हा एकदा वरचा हंड्याचा परिच्छेद वाचावा. मला स्वतःला तो कर गैर वाटत नाही. रस्त्यावर दुकान थाटून धंदा करायचा तर गटाराचे पैसे द्यावेत. फक्त ते पैसे घेतल्यावर त्याच गल्लीत पाणी आणि संडास आधी द्यावेत, नाहीतर ती वसुली होईल, कर होणार नाही.

मोठा खर्च कुठे चाललाय ते दिसतंच आहे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ५८ टक्के रक्कम भांडवली, म्हणजे नव्या बांधणीच्या, कामांना होती. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे आपल्याच डोंगराखालून जाणार आहेत. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप, वर्सोवा इथे सांडपाणी शुद्धीकरणाची सात केंद्रं उभी राहतायत. या केंद्रांविषयी कुणी कौतुकाने बोलत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. समुद्रात काय सोडतो ते आपल्याला दिसत नाही, म्हणून ते काम फ्लेक्सवर येत नाही. माझ्या हातात असतं तर पुलांच्या आधी तिथे पैसा गेला असता.

माझी तक्रार रकमेबद्दल नाहीच, विचारण्याबद्दल आहे. अर्थसंकल्पाची चिरफाड करायची ती स्थायी समितीने आणि २२७ नगरसेवकांच्या सभागृहाने. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं सरकारने नेमलेला प्रशासकच अर्थसंकल्प आणायचा आणि तोच मंजूर करायचा. आमच्या सोसायटीत मी असं केलं असतं तर वार्षिक सभेत खुर्ची उडाली असती! छत्तीस सभासद माझ्याकडे साडेचारशे रुपयांच्या बल्बची पावती मागतात, आणि मागायलाच हवी.

सभेचा विषय निघालाच, तर आमच्याकडचं रामायणही सांगतो. १ जानेवारी २०२२पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. आमच्या छत्तीसपैकी बारा घरं त्यात बसली. सोसायटीचं बिल उतरलं. लगेच मोठ्या घरवाल्यांचं म्हणणं: बिल उतरलं तर सगळ्यांचं उतरवा. लहान घरवाल्यांचं म्हणणं: आम्ही शून्य म्हणजे शून्य. दोन सभा झाल्या. एका सभासदाने रविवारी सकाळी टेप आणून स्वतःचा हॉल मोजला, दाराच्या चौकटीसकट आणि चौकटीशिवाय, कारण त्यांचं घर ५०४ भरत होतं. चार फुटांनी माणूस किती दुःखी होऊ शकतो ते मी पाहिलंय. शेवटी जे कागदावर आहे तसंच लावलं, आणि त्या घरचा चहा मला वर्षभर मिळाला नाही.

त्यांच्या समोरच्या दारात राहणाऱ्या आजोबांचं घर ४९२. कर शून्य. आणि पालिका आपल्या टॅक्सचं करते काय, हे सगळ्यात मोठ्या आवाजात विचारणारे तेच. गेल्या महिन्यात मी त्यांना वरचं सगळं, जकात नाक्यापासून भांडुपच्या केंद्रापर्यंत, लिफ्ट बंद असल्यामुळे चार मजले चढता चढता समजावून सांगितलं. दारापाशी पोचल्यावर विचारलं, "आजोबा, तुमचं बिल तर शून्य आहे, मग एवढी चौकशी कशाला?"

"माझ्यासाठी नाही हो," ते किल्ली शोधत म्हणाले, "तुम्ही भरता म्हणून विचारतो. तुम्ही तर विचारत नाही."