काम सर्वांचे, जबाबदारी कोणाची?

विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून निवडून आलेल्यांना एक गोष्ट लवकरच कळून चुकते, ती म्हणजे आपल्या हातात अधिकार म्हणावा असा फारसा नसतोच. कोणाचा पगार कापता येत नाही की कोणाला बढती देता येत नाही, आणि ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे ते उद्या शेजारच्याच बाकावर बसणार असतात. म्हणूनच नेतृत्वाचा विषय निघाला की वक्तृत्व आणि व्यक्तिमत्त्व यांवर जो भर दिला जातो तो मला काहीसा अस्थानी वाटतो. उत्तम भाषणाने सभागृह भारावते, पण त्या सभागृहातल्या खुर्च्या आदल्या दिवशी कोणीतरी लावलेल्या असाव्या लागतात.

माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने 1913 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की माणसे एकत्र येऊन दोर ओढू लागली की दरडोई जोर घटत जातो, आणि आठ जणांच्या गटात तो एकट्याने लावलेल्या जोराच्या सुमारे निम्म्यावर येतो. याला थोडाफार ताळमेळाचा अभाव कारणीभूत असतो, पण तेवढेच नव्हे. पुढे मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवण्याचे आणि ओरडण्याचे प्रयोग केले, तेव्हाही गटात प्रत्येकाचा आवाज खाली आला. मात्र आपला आवाज वेगळा मोजला जातो आहे असे वाटले की ही ढिलाई बऱ्याच अंशी नाहीशी झाली.

विद्यार्थी समितीच्या बैठकीत नेमके हेच घडते. ‘ध्वनिव्यवस्थेचे कोणीतरी बघा’ असा संदेश गटावर पडतो, त्याखाली दहा-बारा अंगठे उमटतात आणि कार्यक्रमाच्या सकाळी माईक कोणी सांगितला आहे हे कोणालाच ठाऊक नसते. येथे आळसाला दोष देण्यात अर्थ नाही (आळशी मुले समितीत सहसा येतच नाहीत), कारण प्रत्येकाने प्रामाणिकपणे दुसऱ्याला गृहीत धरलेले असते. बैठक उठण्यापूर्वी प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव आणि एक वार लिहून तो कागद सर्वांसमोर वाचून दाखवला, तर पुढच्या निम्म्या कटकटी टळतात. दोन नावे लिहिली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यातला खरा अवघड भाग मात्र त्यानंतर सुरू होतो. ज्याच्या नावावर काम दिले त्याने ते आपल्या पद्धतीने केले, भित्तिपत्रकाचा रंग आपल्याला पसंत पडला नाही, तरी हात आखडता घेणे तडफदार प्रतिनिधींना फार जड जाते. रात्री बसून सगळे स्वतःच नव्याने करणारा अध्यक्ष कष्टाळू ठरतो खरा, पण पुढच्या वेळी सहकारी मनापासून काम करण्याऐवजी त्याच्या दुरुस्तीची वाट पाहत बसतात. तारीख, खर्चाची मर्यादा आणि मजकुरातील चुका एवढ्यावर जरूर बोट ठेवावे. रंग ज्याचा त्याने ठरवावा.