शेतकऱ्याच्या पोरांना शेती काय शिकवायची? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, एसटीत, कृषी केंद्राच्या काउंटरवर, सगळीकडे हाच प्रश्न. बीएस्सी ॲग्री झाल्यावर स्पर्धा परीक्षा सोडून मी बीएडला गेले आणि छात्रसेवाकालात, म्हणजे बीएडच्या सरावासाठी शाळेत शिकवायच्या काही महिन्यांत, वाळवा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये नववी-दहावीला शेती शिकवली, एवढं सांगेपर्यंत समोरचा हसायला लागलेला असतो. "शेतकऱ्याच्या पोरांना शेती काय शिकवायची?" काही जण वर जोडतात, "तेही बाईनं!" या दुसऱ्याला मी उत्तर देत नाही. त्यांच्या घरची भांगलण कोण करतं ते त्यांना माहीत असतं.

पहिल्याचं मात्र ऐकून घ्या. सुरुवातीला मलाही वाटलं, लोक बरोबरच बोलतात. ऊस लागवडीचा पाठ होता. टाचणात दोन डोळ्यांचं टिपरं, बेणेप्रक्रिया, सरीतलं अंतर, सगळं आखून नेलेलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, टिपरी कोण लावतंय आता? आमच्यात ट्रेतली रोपं लावत्यात." वर्ग हसला. मी त्यालाच फळ्यापाशी बोलावलं आणि रोपाचा दर, तूट, मजुरी सगळं सांगायला लावलं. छान सांगितलं त्यानं. पाठाला बसलेल्या मॅडमनी माझ्या वहीत शेरा मारला, 'वर्गनियंत्रण सुधारावे.'

मग मी खताचं रिकामं पोतं वर्गात नेलं. 10:26:26. ही पोरं हे पोतं पाठीवरून वाहतात. त्यावरचे आकडे काय सांगतात म्हटल्यावर एक म्हणाला, "कंपनीचा नंबर." 50 किलोच्या पोत्यात नत्र 5 किलो, स्फुरद 13, पालाश 13, असा हिशेब मांडला. एका मुलीनं लगेच हात वर केला, "मग ऱ्हायलेल्या 19 किलोचं पैसं कशाला?" पुढचा अर्धा तास त्यातच गेला, कारण ही अन्नद्रव्यं सुटी मिळत नाहीत, दुसऱ्या कशाला तरी बांधलेलीच येतात, हे तिला पटेना. औषधाच्या बाटलीवरच्या त्रिकोणाचंही तसंच. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. "लाल त्रिकोणाची बाटली घरात कुठं असते?" "देवळीत, मॅडम."

तर हे शिकवायचं. एवढं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विषय संपतो. मातीच्या पाठाचं मी कुणाला सांगत नाही. इतक्यांदा विचारलंत, तर आज सांगते.

मी आटपाडीकडची, दुष्काळी भागातली. नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना आमचे आजोबा जायचे, आणि टेंभू उपसा योजनेचं पाणी येणार, येणार म्हणत घरातली एक पिढी म्हातारी झाली. आमच्या डोक्यात कृष्णाकाठ म्हणजे नशीबवान माणसांचा मुलूख. इथं येऊन पाहते तर पाण्यानंच रानं गेलेली. खोल काळी जमीन, ऊस तुटला की पुन्हा ऊस, पाटानं मोकळं पाणी, निचऱ्याची सोय नाही. खालचं पाणी वर चढतं, त्याच्याबरोबर क्षार येतात आणि उन्हाळ्यात रानावर पांढरं फुटतं. नुसते क्षार असले तर निचरा करून चांगल्या पाण्यानं ते धुऊन काढता येतात. पण मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसला, सामू (पीएच) साडेआठच्या वर गेला, की जमीन चोपण होते. ओली असताना चिकट, वाळली की दगड, आणि पाणी आत जायचं नाव घेत नाही. मग जिप्सम टाकणं, धैंचाचं हिरवळीचं खत गाडणं, आणि तरीही निचरा लागतोच.

पुस्तकात हे थोडक्यात आटोपलेलं होतं. मी पोरांना सांगितलं, आपापल्या रानातलं वाळलेलं ढेकूळ आणा, सुपारीएवढं. नळाच्या पाण्यातही क्षार असतात म्हणून शाळेच्या पत्र्याखाली बादली लावून पागोळीचं पाणी धरलं. काचेचे ग्लास खिडकीत मांडले, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. हो, चिठ्ठ्या मीच लावायला सांगितल्या. नमुना कुणाचा ते कळलं पाहिजे, हे मृदशास्त्राच्या पहिल्या प्रॅक्टिकलला शिकवतात. ढेकूळ अलगद सोडायचं आणि ग्लास हलवायचा नाही. माळाचं ढेकूळ फुटलं, तळाशी बसलं, वर नितळ पाणी. नदीकाठच्या मळीचंही तसंच. एका पोराच्या ढेकळाभोवती मात्र धूर सुटल्यागत गढूळ वलय पसरत गेलं. दुसऱ्या दिवशी सगळे ग्लास निवळले होते, त्याचा दुधाच्या चहासारखा तसाच. एका मुलीनं तो उचलून उजेडाकडं धरला आणि म्हणाली, "ह्याच्यातनं खिडकी दिसंना."

मी म्हणाले, पाणी असं गढूळच राहिलं तर रान चोपण असावं, पण हा अंदाज आहे, खात्री प्रयोगशाळेतूनच होते. फळ्यावर लिहिलंही. पण पोरं घरी जाताना फळा घेऊन जात नाहीत.

त्या पोराचे वडील रान खंडानं देणार होते, पुढच्या उन्हाळ्यात आलं लावायला. घेणारे होते त्या मुलीचे चुलते. पावसाळ्यात रान हिरवंगार, पांढरं कुठं दिसत नाही. चुलत्यांपर्यंत ग्लास पोहोचला आणि बोलणी फिसकटली.

वडील शाळेत आले. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसायला खुर्ची होती, ते उभेच राहिले. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम, आमचं रान चोपण हाय म्हणून वर्गात दाखवलं म्हणं."

मी तेच सांगितलं. अंदाज, प्रयोगशाळा, मृदा आरोग्य पत्रिका काढून घ्या, सामू कळेल.

"पत्रिका हाय की. सामू नऊला टेकलाय. मला ठावं न्हाई व्हय? पर ती पत्रिका घरात हाय."

माझ्याकडं त्यावर काही नव्हतं. त्यांना माहिती द्यायची मी तयारी केली होती, आणि माहिती त्यांच्याकडं माझ्या आधीपासून होती. ते पुढं म्हणाले, "तुमी दिवाळीला जाशीला. आमाला हितंच ऱ्हायाचंय, त्यास्नी बी." मुख्याध्यापक त्यांना चहा पाजून गेटपर्यंत सोडून आले. मला म्हणाले, टोमॅटोचा घटक राहिलाय ना, तो घ्या. माझे मार्गदर्शक शिक्षक तसे भले माणूस. तेही स्टाफरूममध्ये म्हणाले, "पाठ घ्या बाई, पंचनामा करू नका."

सातारा-सांगलीतल्या कुठल्याही शाळेत भाषणाला उभं राहिलेला माणूस कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव घेतो, कमवा आणि शिका म्हणतो, श्रमाला मान म्हणतो. मीही म्हणते. बोर्डिंगच्या पोरांनी शेतात राबून शिकायचं, यात मला आजही खोट दिसत नाही. पण राबणं वेगळं आणि आपल्याच बापाचं रान काचेत घालून सगळ्यांसमोर बघणं वेगळं, हे कुठल्या भाषणात येत नाही.

तेव्हाची मी तावातावानं भांडले असते. आल्याला निचरा लागतो. पाणी तुंबलं की गड्डे कुजतात, आणि बेण्यालाच केवढा पैसा पडतो. त्या चुलत्यांचं नुकसान झालं असतं ते चाललं असतं का? खरं झाकायचं असेल तर शाळेत विज्ञान तरी कशाला शिकवता? आताची मी तिला विचारते, बाई, चुलते आयुष्यभर शेती करतात, त्यांना रान पारखता येत नव्हतं? खंडाचा दर पाडायला त्यांना निमित्त हवं होतं आणि ते तू खिडकीत मांडून दिलंस, असं नसेल कशावरून? तेव्हाची मी म्हणते, असेल. तरी ग्लास गढूळच होता ना?

इथं आमचं दोघींचं अडतं. कधी मला तिचं पटतं, कधी तिचा राग येतो. चिठ्ठ्या न लावता पाठ घेतला असता तर, असं मैत्रिणी सुचवतात. न लावून काय होणार होतं? ज्यानं त्यानं आपलं ढेकूळ ओळखलंच असतं.

पोराचं काय झालं, हे कुणीच विचारत नाही, म्हणून सांगते. तो वर्गात येत राहिला. आधी पहिल्या बाकावर असायचा, मग मधल्या. टोमॅटोच्या पाठाला गप्प होता. शेवटच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत सायकल स्टँडपाशी गाठून त्यानं विचारलं, "मॅडम, भोकाचा पाईप जमिनीत पुरला की पाणी निघून जातं म्हणालात. पण ते सोडायचं कुठं?"

"नाल्यात."

"नाल्याच्या अलीकडं माझ्या चुलत्याचं रान हाय. आमचं आन् त्यांचं बोलणं न्हाई."

बघते, असं म्हणाले मी. पुस्तकात पाईपची खोली आहे, दोन पाईपांमधलं अंतर आहे, उतार आहे. चुलता नाही. त्यानंतर मी कृषी सहायकांना विचारलं, निचरा केलेल्या एक-दोघा शेतकऱ्यांनाही विचारलं. सगळे म्हणतात, आजूबाजूच्यांनी मिळून करायचं काम आहे, शेजाऱ्याला राजी करा. राजी कसं करायचं म्हटलं की विषय पावसावर जातो.

आता तुमचा आणखी एक प्रश्न, "मग कायमची लागणार का शाळेत?" ते शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलला विचारा.